तीन मिनिटं एकेचाळीस सेकंद

सोमवारी सकाळी अल वक्राहून दोह्याकडे सुटलेल्या मेट्रोत इरशादला उभ्या उभ्या एक मेल आला. त्याने तो वाचायला घेतला तेव्हा बाहेर उन्हाने पांढरी पडलेली जमीन होती, वाचून संपवला तेव्हा गाडी बोगद्यात शिरली होती आणि समोरच्या काचेत त्याचाच चेहरा उभा होता. मेल चार ओळींचा. अमेरिकेतल्या जून नावाच्या कुणा बाईने लिहिलं होतं: माझी आजी ऑपल हेन्ली हिची मुलाखत काल मी तुमच्या नव्या साइटवर ऐकली. जुन्या साइटवर मी ती अनेकदा ऐकली आहे. त्यात आजी एके ठिकाणी बराच वेळ गप्प बसते. ते गप्प बसणं आता तिथे नाही. ते कुठे गेलं, सांगाल का? इरशादने फोन खिशात टाकला. पुन्हा काढला. शेवटची ओळ पुन्हा वाचली. रागाची एकही खूण नव्हती त्यात. आपण कुणाच्या घरी काही विसरून आलो की नंतर फोन करून विचारतो तसं विचारलं होतं. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप खाली दाबला गेला, फोनच्या कडेवर, जिथे कुठलंही बटण नव्हतं. चाळीस वर्षं झाली, तो अंगठा अजून तसाच दाबला जायचा.

नोंद क्रमांक २१७. बोलणारी: ऑपल हेन्ली. जन्म: १९२५. काम: कारखान्यात यंत्रासमोर बसणे. ठिकाण: टेनेसी. ध्वनिमुद्रण: १९९४, राहत्या घरी, स्वयंपाकघरात. कालावधी: ४७ मिनिटं १२ सेकंद. टीप: नाही.

महायुद्धात अमेरिकेत जिथे जिथे अणुबॉम्बचं काम चाललं, तिथल्या साध्या माणसांच्या आठवणी कुणी कुणी हौसेने टेपवर घेऊन ठेवल्या होत्या. शास्त्रज्ञांच्या नव्हेत. रखवालदार, धोबिणी, ट्रकवाले, आणि नकाशावर नसलेल्या गावात भरती झालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली. त्या मुली ओळीने उंच स्टुलांवर बसायच्या, समोर तबकडी, तबकडीत काटा. काटा मध्यावर ठेवायचा. डावीकडे कलला की मूठ थोडी उजवीकडे फिरवायची, उजवीकडे कलला की थोडी डावीकडे. आपण काय बनवतोय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारायचंही नव्हतं. अशा चारशे बारा मुलाखती एका जुनाट साइटवर पडून होत्या, ती साइट रोज थोडी थोडी मोडत होती, आणि सगळं नव्या साइटवर हलवायचं काम फिरत फिरत दोह्यातल्या एका छोट्या कंपनीकडे आलं होतं. अल गराफातल्या एका व्हिलाचा वरचा मजला, हीच कंपनी. इरशाद तिथे आवाज साफ करायचा. त्याआधी त्याने मोती काढणाऱ्या म्हाताऱ्यांची गाणी साफ केली होती, त्याआधी मशिदीतली जुनी प्रवचनं. खरखर काढायची, गुणगुण काढायची, माणूस तेवढा ठेवायचा. यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि साफ करता करता तो आणखी एक गोष्ट करायचा, जी त्याला कुणीच करायला सांगितली नव्हती. तीन सेकंदांहून लांब शांतता दिसली की तो ती कापायचा.

व्हिलाच्या जिन्याखाली चपला काढून तो वर गेला आणि कुणाशी न बोलता कान झाकणारे हेडफोन लावून दोनशे सतरा नंबर उघडला. चौतिसाव्या मिनिटाला मुलाखत घेणारा माणूस विचारतो, ‘आणि सहा ऑगस्टला रेडिओवर हिरोशिमाची बातमी आली, तुम्ही काय बनवत होता ते कळलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ लगेच, श्वासही न घेता, म्हातारी म्हणते, ‘तुमची कॉफी गार झाली असेल.’ खाली, साइट तपासायला दिलेल्या लोकांनी शेरे लिहिले होते. एकाने लिहिलं होतं, बाईला काही म्हणजे काही वाटलं नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं, अशाच माणसांच्या हातून अशी कामं होतात. इरशादने हेडफोन काढले. कानांभोवती घाम आला होता. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी मागे घेतल्याचा टीं टीं आवाज येत होता आणि तो बराच वेळ तेवढंच ऐकत राहिला.

“मूळ फाइल लावून टाका ना मग,” कमलिनी म्हणाली. ती या कामाची प्रमुख, अकोल्याची, दोन वर्षांच्या करारावर आलेली, इरशादपेक्षा वीस वर्षांनी लहान.

“मूळ नाहीये. मी तपासलं अशी खूण केली की जुन्या साइटवाले त्यांच्या सर्व्हरवरून मूळ काढून टाकतात. जागा नाही म्हणून.”

“आणि ती टेप?”

“तिचा लेप सुटला होता. एकदाच वाजवता आली. नंतर टाकून दिली.”

कमलिनीने खुर्ची फिरवून त्याच्याकडे तोंड केलं. “इरशादभाई, शांतता कापायची हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय? मला दाखवा, मी झोपले असेन त्या मीटिंगला.”

“कुठेच नाही.”

“मग का कापत होता?”

“वाया जाते,” इरशाद म्हणाला, आणि स्वतःचाच शब्द ऐकून चपापला.

“काय वाया जाते? सर्व्हरवर समुद्र आहे आपल्याकडे जागेचा.” ती हसली, मग हसणं थांबवलं. “गुरुवारी दुपारी तीनला साइटला कुलूप लागणार. त्यानंतर एक अक्षर हलवता येत नाही, तुम्हाला माहीताय. तुमच्याकडे कापलेलं काही आहे का शिल्लक?”

होतं. तेच तर होतं. आवाज साफ करायचा तर त्या खोलीच्या रिकामेपणाचा नमुना लागतो. माणूस बोलत नसताना खोली जे बोलते ते यंत्राला ऐकवायचं, आणि सांगायचं की हे बाजूला कर. म्हणून कापलेले तुकडे इरशाद फेकायचा नाही, एका फाइलमध्ये एकापुढे एक चिकटवत जायचा. फाइलला नाव दिलं होतं चिंध्या. गावाला अम्मी शिवणकाम करायची तेव्हा मशीनखाली पडलेले तुकडे ती उशीच्या अभ्र्यात भरून ठेवायची. कुठल्या कापडाचा कुठला तुकडा हे तिलाही सांगता यायचं नाही. इथेही तसंच झालं होतं. चारशे बारा माणसांची शांतता, एकोणीस तास, मध्ये गाठ नाही, वर नाव नाही. पडद्यावर ती उघडली की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सपाट रेघ दिसायची, वाळवंटातून दुखानकडे जाणाऱ्या रस्त्यासारखी, दोन्ही बाजूंना काही नसलेली.

त्याने जूनला दोन ओळी लिहिल्या. शोधतो आहे. तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात आवाज करणारं काय काय होतं, घड्याळ, पंखा, काहीही, आठवलं तर कळवा. चूक कुणाची ते त्याने लिहिलं नाही. मग अंदाजाने नवव्या तासाच्या आसपास बोट ठेवलं आणि ऐकायला सुरुवात केली.

सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. मग कान खाली उतरतो, पाण्यात उतरल्यासारखा, आणि एकेका घराचा तळ लागतो. इथे फ्रीज आहे. इथे बाहेर कुणीतरी लाकूड तोडतंय, फार लांब. इथे एक माणूस नाकातून श्वास घेतोय आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी छातीत बारीक शिट्टी वाजतेय, बहुधा तो रखवालदार, ज्याने आयुष्यभर चिरूट ओढले. टक् करून जोड येतो आणि घर बदलतं. एका घरात ऊन आहे असं इरशादला वाटलं. ऊन ऐकू येत नाही हे त्याला कळत होतं, तरी त्या खोलीत ऊन होतं, पत्रा तापून हळूहळू वाजत होता. दुसरं घर थंड, तिथे कुणीतरी अंगावरची शाल सारखी केली. हे सगळे लोक आता मेलेले होते, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं साइटवर व्यवस्थित नोंदलेलं होतं, आणि जे सांगायला त्यांना शब्द सुचले नव्हते ते इथे पडलं होतं, एकाच्या मांडीला मांडी लावून दुसऱ्याचं. दुपारी कोणीतरी त्याच्या टेबलावर कडक चहाचा कागदी कप ठेवून गेलं. तो गार झाला. चहावर साय धरली आणि साय धरण्याचाही आवाज असेल असं त्याला वाटायला लागलं.

टक्. तो आवाज त्याच्या लहानपणातला होता. अब्बा, खलील परकार, इकडे कतारात उम्म सईदच्या बंदरावर क्रेन चालवायचे, दोन वर्षांतून एकदा कोकणात, म्हसळ्याला यायचे. फोन गावात एकच, पोस्टात. पत्र अम्मीला लिहिता यायचं नाही. म्हणून टेप. साठ मिनिटांची एकच टेप होती त्यांच्या घराची, निळ्या कागदाची, आणि गावचा जो कुणी सुटीवरून दोह्याला निघेल त्याच्या बॅगेत ती जायची, परत येणाऱ्याच्या बॅगेतून परत यायची. अब्बा बोलायचे ते ऐकून झालं की अम्मी त्याच्यावरच आपलं बोलणं भरायची. अम्मीचं ऐकून झालं की अब्बा तिच्यावर आपलं. म्हणजे घरात कधीच दोघांचा आवाज एकत्र नसायचा. एकाचा असायचा तेव्हा दुसऱ्याचा पुसलेला असायचा. यंत्र इरशादच्या ताब्यात. नऊ वर्षांचा तो यंत्रापुढे मांडी घालून बसायचा, अम्मी समोर, डोक्यावर पदर नीट घेऊन, जणू अब्बा तिला बघतच आहेत. ‘बोल अम्मी, लाल दिवा लागला.’ अम्मी बोलायची. विहिरीचं, कौलांचं, कुणाच्या लग्नाचं. मध्येच तिचा गळा दाटायचा आणि ती एक बोट वर करायची. बोट वर गेलं की इरशादने अंगठ्याने बटण दाबायचं. यंत्र थांबायचं, टेप थांबायची. ‘वाया जायला नको रे,’ ती पदराने तोंड पुसत म्हणायची, ‘इतक्या लांबून ऐकायचा त्यांना, आनि आपण काय रडगाना ऐकवायचा.’ मग पाणी प्यायची, बोट खाली करायची, आणि तो पुन्हा अंगठा उचलायचा. टक्. पुढे तिला बोट वर करायचीही गरज राहिली नाही. तिच्या गळ्यातला बदल त्याला आधी कळायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, रुकैयाचं पोर यंत्रात हुशार आहे.

मंगळवारी जूनचं उत्तर आलं. घड्याळ नव्हतं, तिने लिहिलं होतं. आजीने घरात कधी घड्याळ ठेवलं नाही, काटे फिरताना बघायला तिला आवडायचं नाही. फ्रीज होता, पण तो सगळ्यांकडेच असतो. एक गोष्ट आठवते. टेबलावर पत्र्याचा साखरेचा डबा असायचा. आजी विचारात पडली की त्याचं झाकण फिरवत बसायची. उघडायची नाही. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो.

इरशादने ते वाचलं आणि घरी लॅपटॉप घेऊन आला. संध्याकाळच्या उजेडात, दिवाणखान्यात बसून, त्याने पुन्हा हेडफोन चढवले. बायको जैतून शाळेच्या वह्या तपासत होती. पंधरा वर्षांची इकरा त्याच्या मागे येऊन पडद्याकडे बघत उभी राहिली.

“अब्बा, व्हॉट आर यू लिसनिंग टू?”

“काही नाही.”

“नो, बट लाइक, व्हॉट इज इट?”

“तेच सांगतोय. काही नाही ऐकतोय. एकोणीस तासांचं आहे.”

इकराने आईकडे पाहिलं. “मम्मा, ही इज नॉट ओके.”

“तुझे अब्बा लग्नाआधीपासून असेच हायत,” जैतून वहीतून मान न काढता म्हणाली. “मी बोलत असले की लक्ष नसतं, गप्प बसले की विचारतात काय झालं.”

इरशाद हसला. पण ते विचारणं काळजीचं नव्हतं. कुणी गप्प बसलं की त्याला सहन व्हायचं नाही. जेवताना, गाडीत, हॉस्पिटलात, फोनवर. अम्मी दर शुक्रवारी फोनवर बोलता बोलता थांबायची आणि तो लगेच म्हणायचा, हॅलो, हॅलो, आवाज येतोय ना, बरं मग ठेवू? अंगठा तयारच असायचा. त्या खोल्यांमधून पुढे सरकताना, दहावा तास, अकरावा तास, त्याला वाटायला लागलं की आपण एका लांब घरातून चाललोय, दारामागे दार, प्रत्येक दारामागे एक माणूस ओठ मिटून बसलेला, आणि आपण प्रत्येकाच्या समोरून म्हणत जातोय, बरं मग ठेवू? आणि यातल्याच कुठल्या तरी दारामागे अम्मी आहे, पदर नीट घेऊन. तिथे जायचं नव्हतं त्याला. तो ऑपल हेन्लीला शोधत होता.

पण दार उघडलंच. त्याची बहीण रिदा सात महिन्यांची होती. माघ महिना, तापाच्या तिसऱ्या दिवशी गेली, तालुक्याच्या दवाखान्यातून परत येताना, अम्मीच्या मांडीवर, टेम्पोत. तार आधी पोचली होती अब्बांना. सुटी मिळाली नाही. आठ दिवसांनी शेजारचे एक चाचा दोह्याला निघाले, आणि अम्मी यंत्रापुढे बसली. ‘बोल अम्मी, लाल दिवा लागला.’ अम्मी म्हणाली, ‘अस्सलाम आलेकुम. आपली रिदा गेली.’ आणि बोट वर केलं. इरशादने बटण दाबलं. त्यानंतर काय झालं ते सगळं त्याला आठवत होतं, कारण ते फक्त त्यानेच पाहिलं होतं. अम्मी पुढे वाकली, कपाळ जमिनीला टेकलं, आणि तिच्या तोंडातून आवाज आला नाही. बराच वेळ तशीच. तो अंगठा दाबून बसला होता, अंगठ्याला रग लागली, तरी तो सोडायला धजावला नाही. अंगणातली सावली पायरीवरून खाली उतरली. कोंबड्या आत आल्या, तिच्याभोवती फिरून बाहेर गेल्या. मग ती उठून बसली, तोंड धुऊन आली, पदर घेतला, बोट खाली केलं. टक्. ‘यंदा आंब्याला मोहर बरा आलाय,’ ती म्हणाली.

अब्बांनी ते कसं ऐकलं असेल? एका खोलीत अकरा जण, लोखंडी पलंगांवर पलंग, यंत्र मध्ये ठेवलेलं, सगळे मान खाली घालून. आपली रिदा गेली, यंदा आंब्याला मोहर बरा आलाय. यात किती वेळ गेला? वेळ गेलाच नाही. अब्बांनी त्यावर आपलं उत्तर भरलं तेव्हा ते गेलंही, पुसून. नंतर कायमचे घरी आले तेव्हा ते अम्मीशी नीट बोलायचे, औषध आणायचे, भांडायचे नाहीत, आणि कधी जवळही बसायचे नाहीत. नऊ वर्षांपूर्वी ते इरशादकडे दोन महिने राहायला आले होते. वक्राच्या जुन्या कोळ्यांच्या धक्क्यावर दोघे फिरत होते. भरतीचं पाणी होड्यांखाली शिरत होतं. अब्बा एकदम म्हणाले, ‘तुझी आई बाई चांगली हाय. पन तिच्या काळजात दगड हाय. पोर गेली नि ही मना आंब्याचा मोहर सांगत होती.’ इरशादच्या तोंडाशी आलं होतं. अब्बा, मध्ये एक दुपार होती, ती मी दाबून ठेवली. त्याने शब्द जुळवले, आणि तेवढ्यात अब्बांनी पाण्यात काहीतरी दाखवलं, मासा की पिशवी, आणि ते पुढे चालायला लागले. तीन वर्षांनी ते गेले. आता सांगायला कुणी उरलं नव्हतं. म्हणजे, एक उरलं होतं. तिला त्याने कधीच सांगितलं नव्हतं, की अब्बांना तुझ्याविषयी काय वाटायचं आणि कशामुळे.

बुधवारी सकाळी साडेदहाला, चौदाव्या तासात, टक् करून घर बदललं.

फ्रीज. लांब कुठेतरी कुत्रा, एकदाच. मग

पत्र्यावर पत्रा. डावीकडे.

काही नाही.

उजवीकडे.

मुलाखत घेणाऱ्याची खुर्ची करकरते. त्याला वाटतंय आपण काही चुकीचं विचारलं. तो बोलणार, बोलत नाही. चांगला माणूस असावा.

डावीकडे, अगदी थोडं. उजवीकडे, त्याहून थोडं.

फ्रीज थरथरून बंद पडतो, आणि आता जे उरतं ते इतकं मोठं आहे की इरशादने टेबल धरलं. एकोणीस वर्षांची मुलगी उंच स्टुलावर बसली आहे. काटा कलतोय. ती त्याला मध्यावर आणतेय. तिला सांगितलंय की काटा मध्यावर ठेवला की झालं, बाकी विचारायचं नाही, आणि ती एकोणसत्तर वर्षांची आहे, तिच्या स्वयंपाकघरात, आणि काटा मध्यावर येत नाहीये. डावीकडे. उजवीकडे. ती श्वास आत घेते, शब्दासाठी घेतात तसा. सोडून देते. पुन्हा घेते. पत्रा आता सावकाश, एकाच बाजूला, पूर्ण फिरतो, थांबतो. हात डब्यावरून टेबलावर येतो.

टक्.

तीन मिनिटं एकेचाळीस सेकंद.

तो उठून गच्चीवर गेला. बाहेरची हवा तोंडावर आली, ओल्या गरम फडक्यासारखी. समोरच्या व्हिलाच्या भिंतीवर बोगनवेल होती, खाली पाणी घालणारा माणूस नळी हातात घेऊन उभा होता. त्या पाण्याचा, नळीचा, माणसाच्या चपलांचा, प्रत्येकाचा आवाज वेगळा वेगळा आला. सगळं साफ होतं. काही साफ करायची गरज नव्हती.

त्याने तो तुकडा चौतिसाव्या मिनिटाला, प्रश्न आणि कॉफी यांच्यामध्ये, परत बसवला. दोन्ही बाजूंचे जोड घासले नाहीत. मग जूनला पाठवला. वीस मिनिटांत उत्तर आलं, एक ओळ: हीच ती, मी आत्ता स्वयंपाकघरात उभी राहून ऐकली. तिकडे पहाट व्हायची होती. ती जागीच असावी.

गुरुवारी बारा वाजता कमलिनीने त्याची नोंद उघडली आणि वाचता वाचता तिची भुवई वर गेली.

नोंद क्रमांक २१७. बोलणारी: ऑपल हेन्ली. कालावधी: ५० मिनिटं ५३ सेकंद. टीप: चौतिसाव्या मिनिटापासूनची शांतता मूळ मुलाखतीतली आहे. ती आवाज साफ करणाऱ्याने, कुणी सांगितलं नसताना, कापली होती. आता परत जोडली आहे. या मुलाखतीतल्या बाकी लहान शांतता ओळखता आल्या नाहीत. उरलेल्या चारशे अकरा मुलाखतींतही असंच कापलं गेलं आहे. कापलेलं सगळं ‘चिंध्या’ नावाच्या फाइलमध्ये ठेवलं आहे. ज्यांना आपलं माणूस त्यात ओळखू येईल त्यांनी कळवावं. इरशाद परकार, दोहा.

“हे असं लिहायचं नसतं, इरशादभाई.”

“मग कसं लिहायचं?”

“लिहायचंच नसतं. तुकडा लावलात ना? शुक्रन, खलास. काम देणाऱ्या बाईला पुढचं कामही आपल्यालाच द्यायचंय, तिने हे वाचलं तर? स्वतःचं नाव, गाव, सगळं घातलंय. पासपोर्ट नंबर राहिला फक्त.”

“घालू?”

“मस्करी नाही करत मी.” ती खरंच करत नव्हती. “तुमची नोकरी जाईल. कदाचित माझीही.”

“तुझं नाव नाही घातलंय मी.”

“तेच तर म्हणतेय, मी प्रमुख आहे, माझं नाव आपोआप येतं.”  मग तिने त्याचे हेडफोन ओढून घेतले, कानाला लावले आणि चौतिसावं मिनिट सुरू केलं. इरशाद तिच्याकडे बघत बसला. तिचे डोळे आधी पडद्यावर होते, मग टेबलावर, मग कुठेच नव्हते. तिने मध्येच हाताने काहीतरी केलं, पेनाचं टोपण थोडं फिरवलं. साडेतीन मिनिटं माणसाच्या चेहऱ्याकडे गप्प बघत बसणं त्याला कधी जमलं नव्हतं. आज तो बसला.

हेडफोन काढून तिने नाक ओढलं. “टीपेतल्या ‘कळवावं’च्या पुढे मेलचा पत्ता घाला,” ती म्हणाली. “नुसतं कळवावं म्हणजे कुठे कळवावं?” आणि तीनला सहा मिनिटं कमी असताना तिने नोंद पाठवून दिली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर, जेवणाआधी, त्याने नेहमीसारखा अम्मीला फोन लावला. चित्राशिवाय. अम्मीला चित्रातला फोन आवडायचा नाही, पदर सारखा बघावा लागतो म्हणायची. तिने जेवलास काय विचारलं, इकरा फोनवर का येत नाही विचारलं, कुणाच्या तरी नव्या घराच्या स्लॅबचं सांगितलं. इरशाद खिडकीपाशी उभा होता. खाली गल्लीत ऊन होतं आणि माणूस एकही नव्हता.

“अम्मी, तुला आठवतं, रिदा गेली तेव्हा आपण टेप भरली होती?”

“हो.”

“तू बोट वर केलंस नि मी बटण दाबलं. दुपारभर दाबून बसलो. मग तू आंब्याच्या मोहराचं बोललीस. अब्बांनी ते लागोपाठ ऐकलं. त्यांना मधलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं तू... त्यांनी मला एकदा इथे सांगितलं होतं. तेव्हा मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.”

पलीकडून काही आलं नाही. इरशादचा अंगठा फोनच्या कडेवर होता. त्याने तो उचलून खिडकीच्या काचेवर टेकवला, तापलेल्या काचेवर, आणि तिथेच ठेवला. पलीकडे एक कावळा होता. भांडं होतं, कुणीतरी ते ठेवलं. मग अम्मीचा श्वास, नाकातून, आत जाणारा, बाहेर न येणारा, आणि खूप वेळाने बाहेर आलेला. कापडाचा आवाज, पदर तोंडाशी गेला असावा. शिवणाच्या मशीनपुढची खुर्ची करकरली. पुन्हा कावळा. पायरीवरची सावली आत्ता कुठवर आली असेल याचा तो हिशोब करू लागला, आणि मग त्याने तोही सोडून दिला. फोनवरचे सेकंद पुढे जात होते. जैतून दारात येऊन वाढू का म्हणून खुणेने विचारून गेली. त्याने मान हलवली, थांब अशी.

“इरशाद,” अम्मी म्हणाली. आवाज घोगरा होता, बसलेला, टेपवर कधीच न आलेला. “बटण दाबलंस काय रे?”

“नाय अम्मी,” तो म्हणाला. “चालू हाय.”

आणि ती पुन्हा गप्प झाली.